वैजयंतीचा नंबर

सकाळच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली की वैजयंतीला तेवढ्यानंही बरं वाटायचं. धनज मागं पडायचं, दोन्ही अंगांनी तुरीची शेतं लागायची, आणि कामरगावच्या पुढच्या माळावर विद्यापीठाच्या पांढऱ्या इमारती दिसेपर्यंतचा वेळ फक्त तिचा असायचा. घरून निघताना तिचं सगळं उरकलेलं असे. भाकरी झाल्या, सासऱ्याचा चहा झाला, दिराचा डबा भरला, पाच वर्षांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या दोन वेण्या घालून तिला अंगणवाडीकडे धाडलं की मग पिशवी खांद्याला लावायची आणि डोक्यावरचा पदर सारखा करून बसथांबा गाठायचा.

माहेर जऊळक्याचं. लग्नाआधी ती बी.एस्सी. झाली होती. नवरा शिवम तिला म्हणायचा, "पोरगी जराशीक मोठी होऊ दे, मंग तू पुढं शिक." पोरगी दोन वर्षांची झाली आणि शिवमची मोटारसायकल एका ट्रकखाली गेली.

तेरवी आटोपली. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी तिचा दीर विकास स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "वैनी, तुमचा फोन द्या. आता तुमाले कोनाले फोन करा लागते?"

तिनं फळीवरचा फोन काढून दिला. सासू सोजरबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी वैजयंतीलाही वाटलं नाही. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, त्यांच्या मागोमाग फोन गेला. आपल्याकडे विधवेच्या अंगावरून उतरवायच्या वस्तूंमध्ये अलीकडे ही एक भर पडली आहे, आणि ती उतरवताना रडायला कोणी जवळ बसत नाही.

तिचा फोन कोण्या भाचीला गेला. शिवमचा फोन आणि त्याचा नंबर विकासनं स्वतःजवळ ठेवला.

सासरा जगदेव मात्र गावात वेगळ्या कारणानं ओळखला जाई. शिवमच्या वर्षश्राद्धानंतर त्यानं चार भाऊबंदांसमोर सांगितलं होतं, "माही सून शिकीन. लोकाईले जे म्हनाचं ते म्हनू द्या." आणि तो त्या शब्दाला जागला. विद्यापीठात एम.एस्सी.ला तिचा प्रवेश झाला, ती रोज एकटी गाडीनं जाऊ लागली, पारावर कोणी काही बोललं तर जगदेव त्याला तोंडावर गप्प करी. ग्रामपंचायतीत महिला दिनाला त्याला नारळ-टोपी मिळाली. शेजारच्या गावातली माणसं आपल्या घरी त्याचं उदाहरण देत. ते उदाहरण खोटं नव्हतं. फक्त अपुरं होतं.

प्रवेशाचा अर्ज विकासनं भरला. मोबाईल नंबरच्या रकान्यात त्यानं शिवमचा नंबर लिहिला. घरातला नंबर तो घरातला नंबर, असं सगळ्यांनीच धरलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक संगणकाची खोली होती. भिंतीतून निळ्या वायरी निघालेल्या, प्रत्येक यंत्राला एक. खुर्चीवर बसायचं, आपला हजेरी क्रमांक आणि पासवर्ड टाकायचा की नेट सुरू. प्राध्यापकांनी पाठवलेल्या नोट्स, शोधनिबंध, जुन्या प्रश्नपत्रिका सगळं तिथं वाचायला मिळे. बाकीची मुलं-मुली वऱ्हांड्यात, झाडाखाली आपापल्या मोबाईलवर वायफाय लावून बसत. वैजयंती वायरीजवळ बसे. तिला त्याचं कधी कमी वाटलं नाही. वनस्पतींच्या मुळांशी राहणाऱ्या बुरशीवर तिचा प्रकल्प होता आणि दुपारच्या त्या दोन तासांत ती कोणाची सून, कोणाची विधवा नसे. कधीकधी वाचता वाचता पदर खांद्यावर आलेला असे आणि तिला ते घरी निघताना कळे.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये ती खोली बंद झाली.

प्रत्येक इमारतीच्या छतावर वायफायचे नवे डबे बसले होते. फाटकावर फलक लागला, 'संपूर्ण परिसर वायरलेस'. उद्घाटन झालं, फोटो छापून आले. यंत्रं कार्यालयात हलवली, वायरी भिंतीशी कापून त्यांची तोंडं पट्टीनं बंद केली. ज्यांच्याकडे स्वतःचं उपकरण नाही अशांना विभागानं वर्षभरासाठी टॅब दिले. वैजयंतीलाही मिळाला. पण तो टॅब परिसराच्या जाळ्याला जोडायचा तर दररोज एक कोड लागे, आणि तो कोड विद्यार्थ्याच्या नोंदवलेल्या मोबाईलवर येई.

म्हणजे धनजला, विकासच्या खिशात.

वर्गातली पल्लवी कामरगावची, मोकळ्या स्वभावाची पोरगी. तिच्या फोनवरून वैजयंती सकाळी दिराला फोन करी. "भाऊजी, कोड आला का?" विकास आकडे सांगे. पहिले काही दिवस नुसतेच आकडे सांगे. पुढं पुढं त्याच्या आधी प्रश्न येऊ लागले. "आता कायले पाहिजे? तास तं अकराले हाय ना तुमचा?" कधी म्हणे, "थांबा, ट्रॅक्टरवर हावो," आणि मग तासभर फोन उचलत नसे.

त्या जाळ्यात आणखी एक सोय केलेली होती. जोडणी कुठल्या इमारतीत झाली आणि कधी सुटली याचाही संदेश नंबरवर जाई. कोणी आपलं खातं चोरून वापरू नये म्हणून ती व्यवस्था होती. एका संध्याकाळी जेवताना विकास ताटातून डोकं वर न काढता म्हणाला, "वैनी, आज तीन वाजता तुमी रसायनच्या इमारतीत होत्या. तुमचा विषय तं तो नाई."

भाकरी वाढणारा तिचा हात थांबला. "तिथं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक पाह्यला गेली होती. आमचा बिघडला."

"नाई, मी असंच इचारलं."

जगदेवनं ताक मागितलं. त्या दिवसापासून वैजयंतीनं वाचताना पदर खाली येऊ दिला नाही.

तिनं नंबर बदलून मागितला. परिसराचं जाळं सांभाळणाऱ्या विभागाचे प्रमुख उदयसिंग राठोड म्हणून होते. चांगले शिकलेले, सभ्य बोलणारे. त्यांनी अर्ज पाहिला.

"ताई, विद्यार्थिनीचा नंबर बदलायचा असेल तर पालकाची किंवा पतीची सही लागते."

"पती नाहीत, सर."

"मग सासऱ्यांची चालेल. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच केलंय हे. मागं एक प्रकार झाला होता."

"आणि मुलांना?"

राठोड सरांनी चष्मा काढून पुसला. "मुलांना नाही लागत," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सहीचा कागद तिनं जगदेवपुढं ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. "नंबर हाय ना घरचा," तो म्हणाला. "दुसरा कायले? लोक म्हनतीन, सुनेनं आता येगळा फोन घेतला. म्या तुह्यासाठी गावाशी भांडलो, पोरी. मले खाली मान घालाले लावू नको." त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. कागद त्यानं घडी करून तिलाच परत दिला.

हिवाळा संपत आला तेव्हा विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून सांगितलं की संशोधनासाठीची प्रवेश परीक्षा आहे, तू बसच. निवड झाली तर वसतिगृह मिळेल, विद्यावेतन मिळेल, मुलीलाही सोबत ठेवता येईल, तशी दोन खोल्यांची सोय परिसरात आहे. वैजयंतीनं हे घरी सांगितलं. लपवलं काहीच नाही. सोजरबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि नुसतं "संस्कृती बी जाईन म्हनता?" असं विचारलं. जगदेव ओसरीकडे जायला उठला. "पाहू," म्हणाला.

पाहू म्हणजे हो, असं तिनं धरलं. माणूस जे हवं ते ऐकतो.

परीक्षेच्या सकाळी तिनं विकासला पुन्हा पुन्हा सांगितलं. "भाऊजी, आज दहाच्या आधी कोड येईन. फोन जवळ ठेवजा. आज एकच दिवस."

"हो, हो. जा तुमी," विकास म्हणाला.

परीक्षा टॅबवर होती. सभागृहाच्या दाराशी टेबल मांडलेलं. तिथं नाव तपासायचं, कोड टाकायचा, फोन बाहेर ठेवायचा आणि आत जायचं. साडेदहाला दार बंद होणार होतं. पल्लवी स्वतः परीक्षेला नव्हती, पण फोन घेऊन ती वैजयंतीसोबत थांबली होती.

पहिल्यांदा फोन लावला, वाजत राहिला. दुसऱ्यांदा वाजत राहिला. रांग पुढं सरकत होती. विकासच्या स्वतःच्या नंबरवर लावला तर तो बंद. वैजयंतीनं पुन्हा शिवमचा नंबर लावला, आणि खूप वेळानं कोणीतरी तो उचलला.

"कोन हाय?" सोजरबाईचा आवाज. तिला हिरवं बटण तेवढं माहीत होतं.

"आत्याबाई, मी वैजू. भाऊजी कुठं हायेत?"

"तो तं वावरात गेला पहाटीच. फोन कोनाड्यात ठेवून गेला. मघापासून वाजून राह्यला, म्या भेतभेत उचलला."

विकास फोन घरीच ठेवून गेला होता. विसरून की ठरवून, हे विचारायला आता वेळ नव्हता. सोजरबाईला अक्षर ओळख नव्हती. वैजयंतीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "संस्कृती हाय का घरी?"

"हाय. आज अंगनवाडीले सुटी हाय."

"तिच्या हातात द्या. आत्याबाई, आता फोनवर आकडे येतीन. तिले वाचाले सांगा."

टेबलावरच्या माणसानं कोड पाठवला. तिकडे फोन खणखणला. मग पोरीचा आवाज आला, खूश झालेला, आईला फोनवर पहिल्यांदाच काहीतरी सांगायला मिळालं म्हणून. "आई, मले येते. एक. चार. शून्य. दोन. चार. तीन."

वैजयंतीनं तेच टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. कोड चुकीचा.

"सावकाश वाच, माय माही."

पोरगी पुन्हा तेच बोलली, तितक्याच ठामपणे. आणि वैजयंतीला एकदम उमगलं. अंगणवाडीत संस्कृती मराठी आकडे शिकली होती. फोनवर येत होते इंग्रजी. तिकडचा आठ पोरीला आपला चार दिसत होता, तिकडचा नऊ तिला एक वाटत होता. पोर चुकत नव्हती. तिला जे शिकवलं ते ती बरोबर वाचत होती.

तिनं घाईनं तो कोड दुरुस्त करून टाकला, पण तोवर त्याची मुदत सरली होती. दुसऱ्यांदा चुकीचा.

"ताई, तीनदा चुकलं की खातं बंद होतं," टेबलावरचा माणूस हळू आवाजात म्हणाला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. रांगेत आता कोणी उरलं नव्हतं. "शेवटचा पाठवतो."

"संस्कृती, ऐक. आता येतीन ते नीट पाह्य. चार दिसला तं सांग, तो वरून उघडा हाय का बंद."

"हो."

फोन खणखणला. "दोन," पोरगी म्हणाली. "मंग चार. बंद हाय, आई."

"शाबास. तो आठ हाय. पुढं?"

"पुढं काठी हाय. उभी."

"तो एक. पुढं, बाळा?"

पुढं आवाज आला तो जगदेवचा. लांबून आला आणि मग जवळ. "काय चालू हाय हे? आन इकडं." काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. आता फोन त्याच्या हातात होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मामाजी, मी बोलून राह्यली," वैजयंती म्हणाली. "परीक्षेच्या दारात उभी हावो. तुमच्या समोर कोड हाय. पुढचे तीन आकडे तेवढे वाचा."

जगदेव सातवी शिकलेला होता. रोज पेपर वाचायचा. बाजारभाव, हवामान, मरणाच्या बातम्या, सगळं चष्मा न लावता वाचायचा.

"मामाजी."

पलीकडे अंगणात कोंबड्या कलकलत होत्या. संस्कृती आजीला काहीतरी विचारत होती. जगदेवचा श्वास तसाच चालला होता, वर-खाली. वैजयंतीनं टॅबवर बोट टेकवून ठेवलं होतं. तीन चौकटी भरलेल्या, तीन रिकाम्या. पल्लवीनं फोनच्या जवळ तोंड नेऊन म्हटलं, "आजोबा, वाचा ना. मुदत संपते."

त्यानं वाचले नाहीत. रागावलाही नाही, ओरडलाही नाही. फक्त गप्प राहिला. आणि मग भरलेल्या तीन चौकटीही आपोआप पुसल्या गेल्या.

"मुदत सरली वाटते," जगदेव म्हणाला. "घरी ये, पोरी." फोन बंद झाला.

सभागृहाचं दार लागलं. दाराच्या कडीचा आवाज फार मोठा नव्हता.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा जगदेव ओसरीवर बाजेवर बसला होता, विकास खांबाला टेकून. सोजरबाई दाराच्या आड होती. वैजयंतीनं पिशवी खाली ठेवली. पाणीही न पिता ती उभ्यानंच बोलली.

"मामाजी, आकडे तुमच्या डोयासमोर होते."

"होते," जगदेव म्हणाला. त्यानं नाकारलं नाही.

"मंग?"

त्यानं हाताच्या तळव्याकडे पाहिलं. "म्या तुले शिकोलं. या सर्कलात दाखव मले एक सासरा, जो रांडवलेल्या सुनेले शिकोते. पन शिकनं येगळं आन निंगून जानं येगळं. तू तिकडं राह्यली तं पोरगी तिकडं राहीन. शिवमचं माह्याजवळ काय उरते मंग? त्याचा फोन उरते. त्यातले त्याचे फोटो मी रोज सकाळी पाह्यतो."

हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. विकासनंही मान वळवली. नवरा वैजयंतीचाही गेला होता, त्याचे फोटो तिलाही कोणी दाखवले नव्हते.

"तो फोन तुमच्याजवळच राहू द्या," ती म्हणाली. "मले तो नको. मले माहा नंबर पाहिजे. माह्या नावाचा. आन परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा हाय, ते मी देईन. वाटलं तं रोज इथून जाईन, पोरीले तुमच्यापासून तोडनार नाई. पन कोड माह्या हातात येईन."

"लय झालं," विकास म्हणाला. "इधवा बाईच्या हातात फोन देऊन मंग आमी लोकाईले तोंड काय दाखवाचं?"

"विकास," सोजरबाई दाराआडून म्हणाली. एवढंच म्हणाली. कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वैजयंती विहिरीवरून आली तेव्हा संस्कृती घरात नव्हती. विकास तिला मोटारसायकलवर घालून दूरच्या गावी तिच्या आत्याकडे घेऊन गेला होता. जगदेवनं खाली पाहत सांगितलं, "तू शिकनं सोडलं असं विद्यापीठात लिहून दे. पोरगी संध्याकायले घरी येईन."

त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. दुपारपर्यंत ती पोरीच्या फ्रॉकांची घडी घालत आणि पुन्हा मोडत बसली. लिहून दिलं असतं तर पोरगी रात्री कुशीत आली असती. ती किती मोठी गोष्ट होती ते ज्या आईनं लेकरू दिवसभर पाहिलं नाही तिलाच विचारावं. पण ती हेही पाहत होती की उद्या संस्कृती सतरा-अठरा वर्षांची होईल, तिच्याही हातून कोणीतरी काहीतरी काढून घ्यायला येईल, आणि तेव्हा ती आपल्या आईकडे पाहील. दुपारच्या गाडीनं वैजयंती जऊळक्याला भावाकडे गेली. निघताना सोजरबाईनं तिच्या पिशवीत भाकरीचं फडकं कोंबलं.

पोलीस चौकीत जमादारानं "घरचा मामला हाय, समजुतीनं घ्या," म्हणून परत पाठवलं. मग भावासोबत ती जिल्ह्याच्या ठिकाणी महिला संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली. पोरगी परत मिळावी आणि शिक्षणात अडवणूक केली म्हणून अर्ज झाला, प्रकरण कोर्टात उभं राहिलं, तारखा पडू लागल्या. आत्याच्या गावाहून संस्कृतीला परत धनजला आणलं, पण आईकडे दिलं नाही.

विद्यापीठात पल्लवी गप्प बसली नव्हती. परीक्षेच्या दाराशी जे घडलं ते तिनं पाहिलं होतं. एका दुपारी तास संपल्यावर ती वर्गातल्या मुलींपुढं उभी राहिली. "कोनाकोनाचा कोड दुसऱ्याच्या फोनवर जाते?" तिनं विचारलं.

मागच्या बाकावरच्या साक्षीनं हात वर केला. तिचा भावाकडे जाई. तिच्या शेजारचीचा होणाऱ्या नवऱ्याकडे, अजून लग्नही झालेलं नव्हतं. एकीचा मामाकडे. हात वर होत गेले तसा वर्ग गप्प होत गेला. रोज सोबत बसणाऱ्या, एकमेकींच्या डब्यातलं खाणाऱ्या मुली, पण हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच घरी असं असेल.

त्या सगळ्या राठोड सरांच्या कार्यालयात गेल्या. वैजयंतीही होती. सर उभेच राहिले. त्यांनी एकेकीला विचारलं, ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "मी दार मजबूत केलं असं समजत होतो. किल्ली कोणाकडे जाते ते मी बघितलंच नाही." पालकाच्या सहीची अट निघायला पुढं दोन बैठका लागल्या, त्यात वादही झाले, एका प्राध्यापकांनी मुली बिघडतील असंही सांगितलं. पण अट निघाली. इमारतींचे संदेश जायचे बंद झाले. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची खोली उघडून भिंतीतल्या कापलेल्या वायरी पुन्हा जोडल्या, ज्यांच्याकडे कोणताच फोन नाही त्यांच्यासाठी. वैजयंतीनं स्वतःच्या नावाचा नंबर घेतला आणि एम.एस्सी. पूर्ण केली. संशोधनाची जागा त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाली होती.

संस्कृतीची भेट कामरगावच्या बाजाराच्या दिवशी होऊ लागली. ही वाट सोजरबाईनं काढली. भाजीचं निमित्त करून ती नातीला घेऊन जीपनं येई. थांब्यामागच्या लिंबाखाली तिघी बसत. संस्कृती आईच्या मांडीवर बसून केळं खाई आणि दर वेळी तेच विचारी, "आई, तू घरी कवा येशीन?" वैजयंती तिचे केस सारखे करी. खोटं सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अशाच एका बाजाराला जीप भरत आली तशी सोजरबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या तारखेले मी येतो."

"कुठं, आत्याबाई?"

"कोरटात. तुह्या मामाजीनं वकिलाले सांगतलं, फोन हातात होता पन आकडे दिसले नाई, उजेड नव्हता म्हनून. म्या तिथंच उभी होती." तिनं हात गुडघ्यावर दाबून धरला. "मले वाचता येत नाई, वैजू. पन चाळीस वर्स या मानसाच्या घरात काढले. तो वाचते तवा त्याचे ओठ हालते. त्या दिवशी हालले. तीनदा हालले. आवाज नाई काढला त्यानं."

"तुमाले घरात राहू देतीन का मंग?"

सोजरबाईनं विचार केला. तिनं तो आधीच पुष्कळ केला असावा. "नाई देतीन कदाचित," ती म्हणाली. "त्याचं बी काळीज फाटलं हाय, मले म्हाइत हाय. रोज रातच्यानं ऐकतो मी. पन माह्यासमोर झालं ते झालं. म्या आजवर लय ठिकानी खाली मान घातली. तुहा फोन घेतला तवा बी घातली. मी तांदूळ निवडत होती."

जीपवाल्यानं हाक दिली. वैजयंतीनं संस्कृतीला उचलून आत बसवलं, तिचा फ्रॉक गुडघ्यावर ओढून दिला. सोजरबाई चढली आणि नातीला जवळ ओढून बसली. जीप धनजच्या रस्त्याला लागली. पोरगी मागच्या काचेतून हात हलवत होती, आणि तिच्या शेजारी, भर गर्दीच्या जीपमध्ये, आयुष्यभर खाली मान घालून बसलेली म्हातारी ताठ बसली होती.